उसनी कूस : सरोगसीचा कायदा आणि ख्रिस्ती कुटुंब

९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरोगसीसंबंधी एक महत्त्वाचा निर्णय दिला. सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२ रोजी अंमलात आला. त्यापूर्वीच ज्या दाम्पत्यांनी आपली भ्रूणे तयार करवून गोठवून ठेवली होती, त्यांना त्या कायद्यातील वयोमर्यादा लागू होणार नाही, असे न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. ज्यांचे वय न्यायालयाच्या पायऱ्या चढताना उलटून गेले, अशा पतिपत्नींना या निर्णयाने दिलासा मिळाला आणि वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले. त्या दाम्पत्यांच्या वेदनेविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु 'गोठवलेली भ्रूणे' हे दोन शब्द वाचून आम्ही थबकलो. या बातमीत पती होते, पत्नी होती, डॉक्टर होते, सरकार होते, न्यायाधीश होते. शीतपेटीतल्या नळीत थिजून राहिलेल्या त्या इवल्या जिवांच्या बाजूने मात्र कोणीच बोलत नव्हते.

सरोगसी हा चित्रपटसृष्टीतील धनिकांचा विषय आहे, आपल्याला त्याचे काय, अशी समजूत आता धरता येणार नाही. शहराशहरांतून वंध्यत्व निवारण केंद्रांच्या पाट्या लागल्या आहेत. लग्नाला सात-आठ वर्षे झालेली, उपचारांवर कमाई खर्च केलेली कॅथोलिक दाम्पत्येही त्या पायऱ्या चढतात आणि केव्हातरी धर्मगुरूंना किंवा एखाद्या जवळच्या सिस्टरला दबक्या आवाजात विचारतात, "हे चालेल का?" या प्रश्नाला नुसते 'नाही' म्हणून दार लावून घेणे योग्य नव्हे. कायदा काय म्हणतो, ख्रिस्तसभा काय म्हणते आणि का म्हणते, हे एकदा सविस्तर समजून घेतले पाहिजे.

सरोगसी म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या दाम्पत्यासाठी मूल नऊ महिने पोटात वाढवून, जन्मानंतर ते त्यांच्या स्वाधीन करण्याचा करार म्हणजे सरोगसी. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीचेच स्त्रीबीज वापरले जाते, म्हणजे मूल रक्तानेही तिचेच असते. भारतात हा प्रकार निषिद्ध आहे. दुसऱ्या प्रकारात पतिपत्नींच्या बीजांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून तो त्या स्त्रीच्या गर्भाशयात सोडतात. मूल रक्ताने एकीचे, पण कूस दुसरीची. मराठीत याला 'भाडोत्री मातृत्व' असा शब्द रूढ झाला होता. तो कानाला बोचतो, पण व्यवहाराचे वर्णन त्याने अचूक केले होते.

हे सारे शक्य झाले ते परीक्षानळीतील गर्भधारणेमुळे. १९७८ साली इंग्लंडमध्ये आणि त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशी बालके जन्मली. मुंबईत १९८६ च्या ऑगस्टमध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांना हे यश लाभले. गर्भधारणा एकदा शरीराबाहेर करता येऊ लागली, की तयार झालेला भ्रूण कोणाच्या कुशीत ठेवायचा, हा केवळ सोयीचा प्रश्न उरतो. जे पतिपत्नींच्या मिठीत घडत होते, ते टेबलावर आले आणि टेबलाभोवती मग पुष्कळ माणसे जमली.

बाजार कसा बसला

आपला देश काही काळ या व्यवहाराची जागतिक पेठ होता. गुजरातमधील आणंद हे गाव दुधासाठी प्रसिद्ध. या शतकाच्या पहिल्या दशकात ते दुसऱ्याही कारणाने जगभर पोहोचले. अमेरिका, जपान, इस्रायल, युरोप येथून दाम्पत्ये येत. आसपासच्या गरीब घरांतील स्त्रिया प्रसूतीपर्यंत वसतिगृहांत राहत, घरी स्वतःची लेकरे सोडून. मिळणाऱ्या पैशांतून कोणी घराचे छप्पर घातले, कोणी मुलीची शाळा चालविली. त्या स्त्रियांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्या समाजात आईला आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी परक्याचे मूल पोटात वाढवावे लागते, त्या समाजाची चौकशी आधी झाली पाहिजे.

त्या काळी कायदा नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली काही मार्गदर्शक तत्त्वे दिली होती, पण ती पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते. त्याची फळे बालकांनी भोगली. २००८ साली आणंदमध्ये एका जपानी दाम्पत्यासाठी मुलगी जन्मली. तिच्या जन्मापूर्वीच त्या दाम्पत्याचा संसार मोडला होता. मागणी करणाऱ्या पत्नीने जबाबदारी नाकारली, सरोगेट मातेचे काम संपले होते, एकट्या बापाला मूल देण्याची कायद्यात सोय नव्हती. अखेर जपानहून म्हातारी आजी आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर नातीला घेऊन गेली. त्याच वर्षी एका जर्मन पित्यासाठी जुळी मुले जन्मली. जर्मनीत सरोगसी मान्य नसल्याने त्या देशाने त्यांना नागरिक मानले नाही आणि भारताने पासपोर्ट द्यावा की नाही यावर वाद झाला. सुमारे दोन वर्षे ती बाळे कोणत्याच देशाची नव्हती. करारात सर्व काही लिहिलेले असते. मूल नको झाले तर काय, हे मात्र कोणी लिहीत नाही.

२००९ साली विधी आयोगाने आपल्या २२८ व्या अहवालात व्यापारी सरोगसीला मनाई करावी, असे सुचविले. २०१२ साली परदेशीयांच्या व्हिसावर निर्बंध आले, २०१५ च्या नोव्हेंबरात परदेशीयांना भारतात सरोगसीची दारे बंद झाली. पण पेठ एका ठिकाणी बंद झाली की दुसरीकडे भरते. थायलंडने, नेपाळने, कंबोडियाने एकामागून एक हीच बंदी आणली, ती प्रत्येक वेळी आपल्या अंगणात काहीतरी विपरीत घडल्यावर. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, तेव्हा इस्रायलने विमाने पाठवून तेथे जन्मलेली आपल्या नागरिकांची सरोगेट बालके सुखरूप नेली. ज्यांनी ती जन्माला घातली त्या स्त्रिया, ज्यांत अनेक भारतीय होत्या, मागे राहिल्या.

मराठी रसिकांना हा विषय 'मला आई व्हायचंय!' या चित्रपटामुळे परिचयाचा आहे. वकिली करणाऱ्या समृद्धी पोरे यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे २०२१ साली त्यावरून 'मिमी' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात परदेशी बाई मूल नाकारून निघून जाते आणि खेड्यातली आई ते आपले म्हणून वाढवते. प्रेक्षकांनी डोळे पुसले. कायदेपंडितांच्या अहवालांपेक्षा त्या एका कथेने महाराष्ट्रातील सामान्य माणसाला हा प्रश्न अधिक समजावला, असे आम्हाला वाटते.

आजचा कायदा

संसदेने २०२१ च्या डिसेंबरमध्ये सरोगसी (नियमन) कायदा संमत केला. त्यातील मुख्य तरतुदी आपल्या वाचकांना ठाऊक असाव्यात. पैसे घेऊन होणारी सरोगसी हा गुन्हा आहे. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे देऊन मूल मिळवू पाहणारे दाम्पत्यही शिक्षेस पात्र ठरते. परवानगी आहे ती केवळ 'परोपकारी' सरोगसीला, म्हणजे औषधोपचाराचा व इतर विहित खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढेच देऊन होणाऱ्या सरोगसीला. दाम्पत्य विवाहित असावे, पत्नी २३ ते ५० व पती २६ ते ५५ या वयातील असावा आणि त्यांना हयात मूल नसावे. मूल गंभीर आजारी वा अपंग असल्यास अपवाद आहे. ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीही अर्ज करू शकते. सरोगेट होणारी स्त्री २५ ते ३५ वयाची, विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच तिला हे करता येते. वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जन्मलेले मूल त्या दाम्पत्याचेच मानले जाते आणि त्याला टाकून देणे हा गुन्हा ठरतो.

दुसऱ्याचे बीज वापरावे की नाही, यावर सरकारने दोनदा मत बदलले. मार्च २०२३ मध्ये दात्याच्या बीजाला पूर्ण मनाई झाली. जन्मतः गर्भाशय व बीजकोश यांचे विकार असलेल्या स्त्रिया न्यायालयात गेल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पतिपत्नींपैकी एकाचे बीज असावे व वैद्यकीय कारण असल्यास दुसरे दात्याचे चालेल, असा नियम आला.

जुन्या बेबंदशाहीपेक्षा हा कायदा निःसंशय बरा आहे. गरीब स्त्रीच्या देहाचा उघड लिलाव त्याने थांबविला, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण कायद्याने मागणी संपत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये हैदराबाद येथे एक प्रकरण उघडकीस आले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, एका दाम्पत्याला सरोगसीतून झालेले तुमचेच मूल म्हणून लाखो रुपये घेऊन जे बाळ देण्यात आले, ते एका गरीब दाम्पत्याकडून विकत घेतलेले होते. डीएनए चाचणी जुळली नाही तेव्हा बिंग फुटले. येथे मूल हवे असणारे फसले आणि मूल असणारेही नागवले गेले.

त्यागाचा प्रश्न

आता खऱ्या अडचणीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्यातील सुशिक्षित तरुण आम्हाला विचारतात: व्यापाराला विरोध समजला, पण धाकटी बहीण थोरलीसाठी, एक पैसाही न घेता, नऊ महिने कष्ट सोसायला तयार असेल, तर त्याला ख्रिस्ती प्रेम का म्हणू नये? दुसऱ्यासाठी आपले शरीर झिजवावे, हीच तर आपल्या श्रद्धेची शिकवण!

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक हवे. त्या बहिणीच्या मनातील प्रेम खरे असू शकते. ख्रिस्तसभा तिच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण हेतू चांगला असला म्हणजे कृती चांगली ठरतेच असे नाही, हे आपण इतर अनेक बाबतींत मानतो.

पहिली गोष्ट मुलाची. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'डोनुम विते' या दस्तऐवजात, आणि पुढे २००८ च्या 'डिग्नितास पर्सोनाय' मध्ये, या शिकवणीचा पाया आहे. मूल हे देणगी आहे. त्याच्यावर कोणाचा मालकी हक्क नसतो, आईबापांचाही नाही. उलट मुलालाच काही हक्क आहेत. परस्परांशी विवाहाने बांधलेल्या आईबापांच्या प्रेमातून जन्मावे, आणि गर्भात त्याच आईने आपल्याला वाहावे, हा त्याचा हक्क आहे. सरोगसीत मुलाचे मातृत्व जन्मापूर्वीच वाटून टाकले जाते. बीज एकीचे, कूस दुसरीची, अंगाई कदाचित तिसरीची. अपघाताने, मृत्यूने किंवा गरिबीने मूल आईपासून तुटते तेव्हा आपण हळहळतो. येथे तर ती ताटातूट आधीच ठरवून, कागदावर सही करून केली जाते. नऊ महिने ज्या हृदयाचे ठोके त्याने ऐकले, त्या हृदयापासून त्याला पहिल्याच दिवशी दूर करायचे, हाच करार असतो. मग त्यात पैसे असोत वा नसोत.

दुसरी गोष्ट भ्रूणांची. परीक्षानळीतील गर्भधारणेत सहसा एकापेक्षा अधिक भ्रूणे तयार करतात. त्यांतला 'चांगला' निवडतात, उरलेले गोठवतात किंवा टाकून देतात. आपल्या नियमांप्रमाणे सरोगेट मातेच्या गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण ठेवावा, विशेष प्रसंगी तीनपर्यंत, आणि प्रयत्नही तीनच करावेत, असे बंधन आहे. हे बंधन आईच्या प्रकृतीसाठी चांगलेच आहे. परंतु जे ठेवले गेले नाहीत त्यांचे काय? गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवन पवित्र आहे असे आपण मानतो. गर्भपाताविरुद्ध प्रार्थनासभा घ्यायची आणि गोठवलेल्या भ्रूणांविषयी मौन बाळगायचे, हे आम्हाला सुसंगत वाटत नाही.

तिसरी गोष्ट त्या बहिणीची. आणि येथे आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत. आपल्या कुटुंबांत 'स्वेच्छा' म्हणजे काय, हे आपण सारेच जाणतो. एकत्र घरात धाकट्या जावेला सासूबाई म्हणाल्या, "तुझी दोन झाली, तिच्यासाठी एवढे कर," तर ती 'नाही' म्हणू शकेल का? नवऱ्याने भावाला शब्द दिला असेल तर? घरावरचे कर्ज थोरल्याने फेडले असेल तर? कायद्यानुसार तिची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते, आणि भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी ती माघारही घेऊ शकते. कागदावर हे सुंदर आहे. पण जेवणाच्या पंगतीत, पुरणाच्या पोळीबरोबर वाढला जाणारा दबाव कोणत्या दंडाधिकाऱ्याला दिसणार? २०१७ साली संसदेच्या स्थायी समितीने नेमका हाच धोका दाखविला होता. तिने उपाय सुचविला तो मोबदला देण्याचा. तो उपाय आम्हाला पटत नाही, निदान मात्र अचूक होते. पैसा काढून घेतला तरी सक्ती उरते. फक्त ती नात्याचे नाव धारण करते.

प्रसूती झाल्यावरही गोष्ट संपत नाही. ज्या मावशीने किंवा काकीने ते मूल वाहिले, ती पुढे नाताळला, बाप्तिस्म्याला, लग्नाला त्याच्या समोर असते. मूल आजारी पडले तर तिचा जीव कसा होत असेल? थोरलीने त्याला मारले तर ती काय म्हणेल? स्वतःची लहान मुले विचारतील, "आईच्या पोटातले आमचे बाळ मावशीकडे का गेले?" या प्रश्नांना कोणत्याही दाखल्यात रकाना नाही.

८ जानेवारी २०२४ रोजी राजनैतिक प्रतिनिधींपुढे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी सरोगसीची प्रथा निंद्य असल्याचे सांगून तिच्यावर जगभर बंदी आणावी, असे आवाहन केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिग्नितास इन्फिनिता' या घोषणापत्रात मानवी प्रतिष्ठेवरील गंभीर आघातांमध्ये सरोगसीचा समावेश झाला. गरिबी, युद्ध, स्थलांतरितांची परवड, मानवी तस्करी यांच्याच पंक्तीत तिला ठेवले आहे, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ही केवळ शयनगृहाची नीती नव्हे. दुर्बलांच्या शोषणाचा हा प्रश्न आहे. म्हणूनच ख्रिस्तसभेशी इतर बाबतींत मतभेद असणाऱ्या अनेक स्त्रीवादी विचारवंतही येथे तिच्या शेजारी उभ्या दिसतात. इटलीने तर ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा करून परदेशात जाऊन सरोगसी करून घेणाऱ्या आपल्या नागरिकांनाही गुन्हेगार ठरविले. शिक्षेच्या बडग्याने हा प्रश्न किती सुटेल, याविषयी मात्र आम्ही साशंक आहोत.

हागारचे नाव

बायबलमध्येही सरोगसी आहे, असे सांगणारे भेटतात. आहे खरे. उत्पत्तीच्या पुस्तकातील सोळावा अध्याय वाचावा. सारायला मूल होत नव्हते, म्हणून तिने आपली मिसरी दासी हागार हिला अब्रामाला दिले. पवित्र शास्त्राने घटना नोंदविली याचा अर्थ तिला संमती दिली असा नव्हे. त्यानंतर त्या घरात जे मत्सर, छळ आणि पलायन घडले तेही शास्त्राने तितक्याच स्वच्छपणे नोंदविले आहे. एक बारकावा मात्र सहसा नजरेतून सुटतो. त्या अध्यायात साराय आणि अब्राम आपसात बोलताना हागारचे नाव एकदाही घेत नाहीत. तिच्यासाठी ती 'माझी दासी', त्याच्यासाठी 'तुझी दासी'. तिला नावाने प्रथम हाक मारतो तो रानातील झऱ्यापाशी भेटलेला परमेश्वराचा दूत. आणि ती परमेश्वराला जे नाव देते, त्याचा अर्थ 'मला पाहणारा देव' असा होतो. घरात जिचे गर्भाशय तेवढे दिसत होते, तिला देवाने पाहिले.

पवित्र मरियेचे उदाहरण देऊन कोणी थट्टेने तर कोणी गांभीर्याने तिलाही 'सरोगेट' म्हणतात. ही तुलना चुकीची आहे. मरियेने दुसऱ्या कोणासाठी मूल वाहून सोपविले नाही. ती पूर्ण अर्थाने आई होती; ४३१ साली एफेससच्या धर्मसभेने तिला 'देवमाता' म्हटले ते याचसाठी. गाईगोठ्यापासून क्रुसापर्यंत ती त्याची आईच राहिली. संत योसेफाकडे मात्र निपुत्रिक पुरुषांनी अवश्य पाहावे. रक्ताचे नाते नसताना त्याने बाळाला नाव दिले, घर दिले, हाताला सुतारकाम दिले आणि येशूला जगाने त्याचा पुत्र म्हणून ओळखले.

मग आम्ही काय करावे?

हा प्रश्न विचारणाऱ्या दाम्पत्याला आधी आपण, म्हणजे धर्मग्रामाने, काही देणे लागतो. लग्नाच्या मांडवात "गोड बातमी कधी?" असे विचारणारे आपणच असतो. मूल नसलेल्या सुनेला बाळाच्या पाळण्यापासून दूर ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाची बाळे अर्पण करणाऱ्या स्त्रियांच्या रांगा लागतात. त्यांच्या मागे केवळ मातृत्वाची ओढ नसते. पुष्कळदा सासरच्या टोमण्यांचे भय असते. हे भय आपण कमी केले असते, तर त्यातील काही जणी तरी त्या केंद्रांच्या पायऱ्यांपर्यंत गेल्या नसत्या.

ख्रिस्तसभा वैद्यकशास्त्राच्या विरोधात आहे, हा गैरसमज काढून टाकावा. पतिपत्नींच्या मीलनाला साहाय्य करणारे, त्यातील अडथळा दूर करणारे उपचार तिला मान्यच आहेत. त्या मीलनाची जागा घेणारे तंत्र मान्य नाही. थायरॉइडचे विकार, बीजवाहिन्यांतील अडथळे, आपल्या देशात वारंवार आढळणारा जननेंद्रियांचा क्षयरोग, पुरुषांतील शुक्रजंतूंची उणीव यांवर उपचार होऊ शकतात. येथे एक सूचना आम्ही आग्रहाने करू. तपासणी दोघांचीही एकाच वेळी व्हावी. पत्नीने पाच-पाच वर्षे औषधे घ्यायची आणि पतीने एकदाही तपासून घ्यायचे नाही, ही आपल्याकडील रीत अन्यायाची तर आहेच, शिवाय त्यात मोलाची वर्षे वाया जातात.

दुसरी वाट दत्तकाची. आपल्या समाजात आजही पुष्कळांना वाटते की ख्रिस्ती माणसाला कायद्याने दत्तक घेता येत नाही. एके काळी ते बव्हंशी खरे होते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती दाम्पत्यांना १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. ज्याला वाढविले तो कायद्याने आपला नव्हेच, अशी स्थिती. २००० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात न्या. एफ. आय. रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दाम्पत्याच्या अर्जावर निर्णय देताना अनाथ बालकाचा घर मिळण्याचा हक्क त्याच्या जगण्याच्या हक्काशी जोडला आणि दत्तकाला मान्यता दिली. पुढे बालन्याय कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला त्या कायद्याखाली दत्तक घेता येते असे स्पष्ट केले आणि २०१५ च्या नव्या बालन्याय कायद्याने ती वाट कायम केली. आज दत्तक मूल सर्व अर्थांनी, वारसाहक्कासह, त्या दाम्पत्याचे मूल असते.

ही वाटही सोपी नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे लागते. समाजसेविका घरी येऊन अहवाल तयार करते. आणि तान्ह्या बाळासाठी प्रतीक्षा काही वर्षांची असते, कारण मागणारे पुष्कळ आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुले थोडी. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही, म्हणून उपचारांत दहा वर्षे घालवून मग दत्तकाचा विचार करणाऱ्यांना उशीर झालेला असतो. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ही बेरीज १०० पर्यंत चालते, आणि मोठी किंवा अपंग मुले तर कोणीतरी येईल म्हणून दाराकडे पाहत असतात. आपल्याकडे गोरे, तान्हे, शक्यतो मुलगा, अशी अपेक्षा मनात धरून जाणारे काही कमी नाहीत. नियमांच्या बदलांमुळे मिशनरीज ऑफ चॅरिटीने २०१५ साली दत्तकाचे काम थांबविले, तेव्हापासून अनेक कॅथोलिक दाम्पत्यांचा ओळखीचा दरवाजा बंद झाला, हेही खरे. त्यामुळे धर्मप्रांताच्या कुटुंब विभागाने अर्ज भरण्यापासून साहाय्य करावे, विवाहपूर्व शिबिरात या विषयावर तासभर तरी द्यावा आणि दत्तक घेतलेल्या दाम्पत्यांना तेथे बोलावून त्यांचे अनुभव ऐकवावेत, असे आम्हाला वाटते.

ज्यांना मूल झाले नाही आणि दत्तकही घेता आले नाही, त्यांचा विवाह उणा नव्हे. धर्मशिक्षणग्रंथ तसे स्पष्ट सांगतो. अशी दाम्पत्ये आपल्या गावांत भाच्यापुतण्यांना शिकविताना, संडे स्कूल चालविताना, आजाऱ्यांपाशी रात्र काढताना दिसतात. त्यांना हिणवणारी तोंडे मात्र अजून बंद झालेली नाहीत.

शेवटी एक बाब, जी धर्मग्रामांच्या कचेऱ्यांत यापुढे अधिकाधिक येईल. सरोगसीतून जन्मलेल्या मुलाला बाप्तिस्मा मिळेल का? मिळेल. त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. आईबापांनी निवडलेल्या मार्गाविषयी ख्रिस्तसभेचे मत काहीही असो, ते बालक परमेश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाले आहे आणि त्याची प्रतिष्ठा इतर कोणत्याही बालकाइतकीच अभंग आहे. त्याला श्रद्धेत वाढविले जाईल अशी रास्त आशा असावी, एवढीच अट धर्मनियम घालतो, आणि ती सर्वच मुलांना लागू आहे. आईबापांशी धर्मगुरूंनी एकांतात बोलावे. देवळाच्या दारात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर नव्हे. बाप्तिस्म्याच्या मेजवानीत "हे कोणाच्या पोटचे?" अशी कुजबूज करणाऱ्यांनी ती तेथेच थांबवावी, कारण ते मूल उद्या मोठे होईल आणि आपल्याच धर्मशिक्षण वर्गात, आपल्याच मुलांच्या बाकावर येऊन बसेल.